लातूरच्या हवेत जलरंग: व्हिडिओ पाहून घरी शिकतानाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

येळवस (वेळ अमावस्या) झाली, पाहुणे गेले, आता सकाळचा एक तास आणि रविवारची दुपार मोकळी आहे. या वेळेत पेन्सिल आणि मग जलरंग शिकायचे, व्हिडिओवरून, घरीच. नोकरी आणि घर सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला जाणं जमत नाही अशा बऱ्याच जणी मला माहीत आहेत. त्यांच्यातल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून खर्चासकट लिहून ठेवते आहे.

सामान गंजगोलाईतून, म्हणजे लातूरच्या बाजारातून आणलं. एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली मिळून ६० रुपये. कार्ट्रिज कागद, एथ्री आकाराचे २५, अडीचशे रुपये. मळता येणारं खोडरबर ४०. बोर्ड आणि दोन क्लिपा १८०. एकूण ५३०. रंग मुद्दाम घेतले नाहीत. रंग घरात आले की पेन्सिल बाजूला पडते.

व्हिडिओंचा ढीग आहे. हिंदी, मराठी, इंग्रजी, सगळं फुकट. आधी थोडे दिवस यातलं थोडं, त्यातलं थोडं असं पाहत होते. एक जण म्हणतो बाह्यरेषा आधी काढा, दुसरा म्हणतो सावली आधी. दोघांचंही बरोबर आहे, पण नवशिक्याला एका वेळी एकच रस्ता हवा. म्हणून पेन्सिलीसाठी एक मालिका ठरवली, क्रमाने संपवायची, आणि ती संपेपर्यंत दुसऱ्या कुणाचं बघायचं नाही.

१९ जानेवारी

तांब्या. व्हिडिओत काचेचा पेला होता, मी आमचा पितळी तांब्या घेतला, कारण तो रोज समोर असतो.

तोंड आणि बूड जुळेना. तोंडाचा लंबगोल छान येई, पण तांब्या हवेत तरंगल्यासारखा दिसे. कारण असं सापडलं की मी बूड सरळ रेषेने बंद करत होते. तांब्या टेबलावर आहे हे डोक्यात असतं, टेबल सपाट असतं, म्हणून हात आपोआप सपाट रेष ओढतो. डोळ्याला तसं दिसत नाही. वर्तुळ डोळ्याच्या पातळीच्या जितकं जवळ, तितका त्याचा लंबगोल चपटा. जितकं खाली, तितका गोलसर. म्हणजे टेबलावरच्या तांब्याचं तोंड चपटं आणि बूड त्याहून जास्त गोल. हे खरं की नाही ते बघायला तांब्या हातात धरून हळूहळू वर नेला. तोंड डोळ्यासमोर आलं तेव्हा नुसती एक रेघ उरली. आणखी वर नेला तर तोंड दिसेनासं झालं आणि त्याची कड वरच्या बाजूला फुगली. हा प्रयोग प्रत्येकाने करावा. व्हिडिओत आकृती दाखवून सांगितलेलं माझ्या डोक्यातून दोन दिवसांत गेलं होतं, हे मात्र पक्कं बसलं.

लंबगोलाची दोन टोकं टोकदार करू नयेत. तिथेही वळणच असतं. लहान लहान जोडरेघांनी काढला तर टोक येतंच, म्हणून कागदावर पेन्सिल न टेकवता दोनतीनदा हवेत फिरवायची आणि मग एका दमात, खांद्यातून.

मोबाइलवर फोटो काढून त्यावरून काढून पाहिलं, ते सोडलं. वस्तू जवळ ठेवून फोटो घेतला की मोबाइलची रुंद कोनाची लेन्स पुढचा भाग मोठा करते. तांब्याचं पोट भलतंच फुगतं. फोटो घ्यायचाच तर चारपाच हात मागे सरकून, झूम करून.

९ फेब्रुवारी

छटा. आमच्या हॉलमध्ये दोन बाजूंना दोन ट्यूबलाइट. वस्तूला दोन अंगांनी उजेड, सावल्या पुसट आणि दुहेरी. कितीही घासलं तरी गोलाई येत नव्हती. दोन्ही बंद करून डाव्या बाजूला एक टेबल लॅम्प ठेवला आणि तांब्या लगेच गोल दिसायला लागला. आठवडाभर मी ४बी आणि ६बीला दोष देत होते, अडचण उजेडाची होती.

डोळे किलकिले करून बघायची सवय लावते आहे. बारकावे जातात, फक्त तीनचार छटा राहतात. पितळेवरची चमक सोडली तर तांब्याचा बराचसा भाग कागदाहून पुष्कळ गडद आहे, आणि सुरुवातीला एवढं गडद करायची हाताला भीती वाटते. कागदाच्या कडेला पाच चौकोन करून ठेवले, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. अडलं की वस्तूवरची छटा त्या चौकोनांशी ताडून बघायची.

२३ फेब्रुवारी

व्हिडिओ बघायची पद्धत बदलली. आधी बघत बघत काढत होते. मान वर, मान खाली, पॉझ, मागे घे. तासाभरात चित्र शिकवणाऱ्याचंच होतं, माझ्या हातात काही राहत नाही. आता पूर्ण व्हिडिओ एकदा नुसता बघते, वहीत चारपाच ओळी टिपते, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवते आणि घरातली दुसरीच वस्तू काढते. अडलेली जागा संध्याकाळी परत बघते. वेळ जास्त जातो, पण शिकलेलं टिकतं. व्हिडिओ रात्री उतरवून ठेवते, म्हणजे सकाळी नेट आणि लाइट दोन्ही नसले तरी अडत नाही.

९ मार्च

जलरंग सुरू. खर्च: ट्यूबांचा छोटा संच १६०, गोल ब्रश ६ आणि १२ नंबरचे मिळून २४०, चपटा एक इंची ९०, मास्किंग टेप ५०, २०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वही २२०. एकूण ७६०.

वहीचा कागद पाणी लागताच लाटा धरतो. रंग खोलगट जागी साचतो आणि तिथे गडद डबकी सुकतात. उलट बाजूने ओला करून इस्त्री फिरवली तर सरळ होतो, पण तोवर चित्र गेलेलं असतं. या कागदावर रंगाचे दोन हात (थर) नीट बसतात, तिसऱ्याला तो सोलवटतो. मग ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कापसाचा एक पूर्ण कागद आणला, २२ बाय ३० इंच, ३०० रुपयांना. आठ तुकडे केले. एक तुकडा साधारण साडेसदतीस रुपयांना पडला. स्वस्त वहीवर महिनाभर घालवण्यापेक्षा हे आठ तुकडे पुढेमागे दोन्ही बाजूंनी वापरलेले परवडतात. वही आता रंगांचे नमुने करायला ठेवली आहे.

दुसरी अडचण पाण्याची. गडद निळा हात सुकला की त्यावर पिठूळ पांढरट साय दिसे. रंग हलका म्हणून असेल असं वाटलं होतं. काल स्वयंपाकघरात धुतलेलं स्टीलचं ताट वाळलं तेव्हा त्यावर पांढरी कडी दिसली आणि उलगडा झाला. आमचं वापरायचं पाणी बोअरचं, खूप जड. बोअरच्या आणि फिल्टरच्या पाण्याचा एकेक थेंब काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर सुकवला. बोअरच्या थेंबाच्या जागी खडूसारखा गोल डाग राहिला, फिल्टरच्या जागी जवळजवळ काही नाही. आता रंग कालवायला फिल्टरचं पाणी आणि ब्रश खळबळायला बोअरचं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात आम्ही राहतो, पाण्याच्या बाबतीत हात आखडताच असतो. दोन लहान बरण्या पुरतात: एकीत ब्रश धुवायचा, दुसरीत स्वच्छ बुडवायचा. रंगाचं पाणी तुळशीला किंवा भाजीच्या कुंडीत घालत नाही.

३० मार्च, पाडवा

संचातले रंग बाजूला काढून पाचच ठेवले: अल्ट्रामरीन निळा, लेमन पिवळा, क्रिमसन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना. तयार काळा आणि तयार हिरवा बंद. लिंबाच्या पालवीचा हिरवा ट्यूबमधून काढला की प्लास्टिकचा वाटतो. अल्ट्रामरीन, लेमन आणि किंचित बर्न्ट सिएना मिसळला की आपल्याकडचा, धुळीतला हिरवा येतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा करडा तर सोन्यासारखा आहे. निळा जास्त घातला की पावसाळी ढग, तांबडा जास्त घातला की दगडी भिंत.

ऑकर म्हणजे आपली पिवडी, सिएना गेरूच्या जवळचा. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती आणि पांढरा एवढ्यावरच बहुतेक सगळं उभं आहे, निळा तेवढा बाहेरून आलेल्या लाजवर्द दगडाचा. संच लहान म्हणून चित्र लहान होत नाही.

पाचही रंगांची एक पट्टी रंगवली, अर्धी काळ्या कागदाने झाकली आणि पश्चिमेच्या खिडकीत चिकटवली. उन्हात कोणता रंग टिकतो ते बघायचं आहे. निकाल पावसाळ्यानंतर.

१३ एप्रिल

आकाश जमत नाही. या नोंदीतला सगळ्यात मोठा अडथळा हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिडिओत शिकवणारे कागद ओला करतात, निळा सोडतात, मग बोलत बोलत ब्रश धुतात, दुसरा रंग कालवतात, ढगांच्या खालची सावली सोडतात, आणि कागद तोवर ओलाच असतो. माझ्याकडे दुसरा रंग कालवून होईपर्यंत वरचा पट्टा सुकलेला असतो. दुसरा हात लावला की मऊ कडेऐवजी कडक रेघ. घाईघाईत सुकत आलेल्या जागेवर ओला ब्रश टेकवला की पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि वेडीवाकडी फुलं उमटतात. ती पुसायला गेलं की आणखी बिघडतं. कापसाच्या कागदाचे पाच तुकडे असे गेले.

हात हळू चालतो असं समजून वेग वाढवायचा सराव करत होते. दोन आठवडे त्यात गेले. मग त्या व्हिडिओकडे नीट पाहिलं. शिकवणाऱ्याच्या अंगात स्वेटर, मागे खिडकीवर पावसाचे थेंब. त्यांची हवा दमट आणि थंड, आमची एप्रिलातली दुपार कोरडी ठणठणीत, त्यात डोक्यावर पंखा. हाताचा वेग कितीही वाढवला तरी या हवेशी शर्यत जिंकता येणार नाही.

आणखी एक गोष्ट अशीच नंतर लक्षात आली. बरेच व्हिडिओ मधेमधे कापलेले असतात. ‘आता हे सुकू द्या’ म्हणतात आणि पुढच्या क्षणी सुकलेलं दिसतं. वीस मिनिटांच्या व्हिडिओमागे दोन तासांचं काम असतं. किती सुकल्यावर पुढचा हात द्यायचा, हेच नेमकं कापलेल्या भागात जातं. आता मी कागदाची चमक बघते. तिरप्या उजेडात कागद आरशासारखा चमकत असेल तर रंग वाहून जाईल. चमक मऊ पडली, रेशमी झाली की मऊ कडा मिळतात. चमक गेली आणि हाताला गार लागतंय, म्हणजे आत ओल आहे: या वेळी अजिबात हात लावायचा नाही. गारवा गेला की पुढचा हात.

२७ एप्रिल

उपाय, जसे लागू पडले त्या क्रमाने.

पंखा बंद. याने थोडाच फरक.

ग्लिसरीन. औषधाच्या दुकानातून ३५ रुपयांची बाटली. अर्धा कप पाण्यात तीनचार थेंब. सुकणं लांबतं, दोनतीन चित्रं चांगली झाली.

फरशी. घर बांधताना उरलेला गुळगुळीत फरशीचा तुकडा माळ्यावर होता. कागद दोन्ही बाजूंनी पूर्ण भिजवायचा, पाचसात मिनिटं मुरू द्यायचा, मग फरशीवर ठेवून ओल्या फडक्याने मधून कडेकडे हवा काढायची. कागद फरशीला चिकटून बसतो. टेप लागत नाही, लाटा येत नाहीत. खालून पाणी उडायला जागाच नसल्यामुळे वरचा भाग बराच वेळ ओला राहतो. कड वर यायला लागली की खाली ब्रशने थोडं पाणी सोडायचं. खर्च शून्य आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच. टेप सुटली हा आणखी एक फायदा, कारण उन्हाळ्यात टेपचा डिंक मऊ होऊन काढताना कागदाची साल घेऊन येत होता.

वेळ. साडेपाचला उठून सहाच्या आत आकाश संपवायचं. त्या वेळी हवेत जो थोडा ओलावा असतो तो नंतर दिवसभर नसतो. पहिल्या दिवशी आत्याबाई उठून आल्या, “काय करूलालीस माय इतक्या पहाटं?” म्हणाल्या. मी ओला कागद दाखवला. त्या खाटेवर बसून बघत राहिल्या. निळा खाली उतरत गेला, मी फरशी थोडी तिरपी धरली, रंग आपणहून पातळ होत क्षितिजापर्यंत आला, आणि कुठेही रेघ उमटली नाही. “आता पालथं नको करू,” त्या म्हणाल्या. बरोबरच होतं: सुकेपर्यंत फरशी त्याच तिरकसपणात ठेवावी लागते, आडवी केली की खाली जमलेलं पाणी परत वर चढतं.

मे

लग्नसराई. काम नाही.

१५ जून

गंजगोलाई. तांब्या, डबे, माठ झाले, आता गाव काढायचं. व्हिडिओतल्या दृश्यलेखनात सरळ रस्ते आणि चौकोनी घरं असतात, सगळ्या रेघा एका किंवा दोन बिंदूंकडे जातात. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मधली इमारतच गोल. तिच्या छज्जाची रेघ कोणत्या बिंदूकडे न्यायची ते कळेना. सकाळी दुकानं उघडायच्या आधी जाऊन बसले. बिंदू मानून काढलेली इमारत कोपरे असल्यासारखी दिसत होती.

उत्तर तांब्यातच होतं. गोल इमारत म्हणजे खूप मोठा डबा. डोळ्याच्या पातळीवरची रेघ सरळ दिसते. तिच्या वरच्या सगळ्या रेघा मधे वर उचललेल्या आणि दोन्ही टोकांना खाली उतरणाऱ्या, आणि जितकं वर जावं तितकी कमान जास्त. पायथ्याची रेघ उलटी, मधे खाली. आधी समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून डोळ्याची पातळी ठरवली, ती पुसट आखली आणि बाकी रेघा तिच्यापासून मोजल्या. दारंखिडक्यांची रुंदी कडेकडे जाताना कमी होते. समोरची पूर्ण, पुढची थोडी अरुंद, अगदी कडेची नुसती फट. सारख्या रुंदीच्या काढल्या की इमारत पुन्हा सपाट.

मोजायला पेन्सिल हात पूर्ण लांब करून, एक डोळा मिटून धरायची. कोपर वाकलं की माप बदलतं. उभ्याने मोजून बसून काढलं तरी बदलतं, कारण डोळ्याची पातळीच खाली येते. एक सकाळ यातच गेली.

१३ जुलै

गोलाई रंगात. दुकानांच्या पाट्या, तारा, हातगाडे सगळं घेतलं तर इमारत हरवते. पाट्यांचे नुसते रंगीत ठोकळे ठेवले, अक्षरं नाहीत. तारा दोनच. हातगाड्यांची सावली मात्र नीट दिली, त्यामुळे रस्ता जमिनीला टेकला.

या महिन्यात एक नुकसान झालं. एप्रिलात ग्लिसरीन घालून केलेली चित्रं एकावर एक ठेवली होती. पावसाळी हवा लागताच ती चिकट झाली आणि सोडवताना एकाचा रंग दुसऱ्याच्या पाठीला गेला. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, ते कागदात कायम राहतं. ज्यांना वापरायचं त्यांनी सरावाच्या कागदावर वापरावं, ठेवायच्या चित्रात नको. फरशी पुरेशी आहे.

२२ ऑगस्ट, पोळा

गावाकडे. भाऊजींची देवणी जातीची बैलजोडी, दोन्ही बालंक्या, म्हणजे अंगावर काळा ठिपका नाही, पूर्ण पांढरे. पुतणी एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेची तयारी करते आहे, तीही वही घेऊन बसली.

बैल स्थिर उभा राहत नाही. शेपटी, मान, कान सतत हलतात. पाठीची रेघ आणि वशिंड आधी, मग पोटाची रेघ, मग मान, पाय शेवटी. मान फिरली की त्याच कागदावर बाजूला दुसरं चित्र सुरू करायचं. तो परत तसा उभा राहतोच, मग पहिलं पुढे न्यायचं. पुतणीला हे चटकन जमलं, तिचा हात माझ्यापेक्षा मोकळा आहे.

भाऊजी मागे येऊन उभे राहिले. “वशिंड मागं गेलंय, खांद्यावर घ्या वहिनी.” पेन्सिलीने माप घेतलं, खरंच मागे होतं. जनावर रोज पाहणाऱ्याचा डोळा कुठल्याही व्हिडिओपेक्षा पक्का.

पांढरा बैल जलरंगात म्हणजे कागद कोरा सोडायचा. पांढरा रंग वापरलाच नाही. मागचं गोठ्याचं अंधारं दार अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या घट्ट करड्याने भरलं, आणि त्या कडेमुळे बैल पांढरा झाला. अंगावरची सावली निळसर करडी. पण पोटाखाली ती निळी नव्हती. उन्हातल्या मातीचा उजेड खालून पडून तिथे ऑकरसारखी ऊब होती. तेवढा एक पातळ हात ऑकरचा दिला आणि पोट गोल झालं. झूल, बाशिंग, गोंडे यांचे लाल ठिपके शेवटी, पूर्ण सुकल्यावर.

२१ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. आता उलटी अडचण: हात सुकत नाही. दुसऱ्या हातासाठी सकाळी रंगवलेलं संध्याकाळपर्यंत ठेवावं लागतं. एका वेळी दोन चित्रं घेते, एक सुकतंय तोवर दुसरं. फरशी सध्या बंद, कागद प्लायवूडवर क्लिपांनी. कोरे कागद भिंतीला टेकवलेल्या पिशवीत होते, त्यातल्या दोनांवर करडे ठिपके आले. तिथे कागद रंग शोषून घेतो, तो धुऊन जात नाही. उरलेले प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवले आणि डबा लोखंडी कपाटात, भिंतीपासून दूर.

खिडकीतली पट्टी काढली. झाकलेला काळा कागद उचलला तेव्हा फरक स्पष्ट होता. ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन जवळपास जसेच्या तसे. लेमन किंचित उतरला. क्रिमसन मात्र झाकलेल्या बाजूला गडद, उघड्या बाजूला धुतलेल्या कापडासारखा फिका गुलाबी. बहिणीला बोगनवेलीचं चित्र दिलं आहे, सगळं क्रिमसनमधलं, आणि तिने ते बाल्कनीच्या दारासमोर लावलं आहे. तिला आज फोन करून आतल्या भिंतीवर हलवायला सांगितलं. टिकाऊ गुलाबीसाठी ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक आणि टिकाऊपणाची खूण छापलेला क्विनाक्रिडोन रोझ सुटा मागवला, पाच मिलीची ट्यूब २१० रुपये. तो आला की बोगनवेल नव्याने करून तिला देणार आहे, आणि नवी पट्टी त्याच खिडकीत लावणार आहे.